होसकोटेवाल्याचा खांदा

गेल्या महिन्यात माझी लेक कोरमंगलाच्या ऑफिसातून घरी आली आणि चपला काढायच्या आधीच मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "अप्पा, हे बघा, तुमचा जातभाई."

पडद्यावर सगळीकडं बर्फ. बर्फावर दोन धिप्पाड गडी हातमोजे फेकून एकमेकांना बुकलून काढत होते आणि पंच म्हणवणारी माणसं बाजूला शांत उभी. मन भरेपर्यंत मारामारी झाल्यावर त्यातल्या एकाला नेऊन काचेच्या खोपटात पाच मिनिटं बसवलं. तो आपला तिथं बसून पाणी पितोय, बँकेत नंबर लागायची वाट बघावी तसा. लेकीनं समजावून सांगितलं, ही आइस हॉकी, थंड देशांत खेळतात. तिथं म्हणे संघ एक गडी पगार देऊन याच कामासाठी ठेवायचे. त्यानं गोल करावा अशी कुणाची अपेक्षा नसायची. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी त्रास दिला, तर त्रास देणाऱ्याची झोप उडवायची, एवढंच त्याचं काम. एन्फोर्सर म्हणतात त्याला.

"मग त्यात नवल काय?" मी म्हटलं. "बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

ती हसली, पण खोटं नाही ते. फरक इतकाच की मी खेळलो ती आपली साधी हॉकी. आधी मातीवर, मग गवतावर, शेवटी शेवटी निळ्या टर्फवर. बर्फ मी बघितला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

आमचं घर बेंगळूरला, चिकपेटच्या मागच्या अंगाला. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर चारशे वर्षांपूर्वी इथं आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळं आमच्या घरात मराठीच बोलतात, पण ती ऐकून लेकीच्या ऑफिसातली पुण्याची पोरं गालात हसतात. हसोत बापडी. आम्ही कन्नडातलं 'स्वल्प', म्हणजे थोडंसं, म्हणतो तितक्या वेळात त्यांचं इंग्रजी 'अ लिटल बिट' पण होत नाही. वडील साडीच्या होलसेल दुकानात गाठोडी बांधायचे, मोठा अण्णा तिथंच लागला, आणि मी अंगानं असा वाढलो की गल्लीत मला कुणी नावानं हाक मारायचंच नाही. हॉकीनं मला सरकारी कारखान्यात नोकरी दिली. कागदावर मी स्टोअरमध्ये कारकून. पण टायपिंग बघून मला कुणी घेतलं नव्हतं, हे साहेबांनाही ठाऊक आणि मलाही.

आमच्या संघात एक उजवा विंगर होता. चणीनं बारका, पण चेंडू त्याच्या स्टिकला गूळ लावल्यासारखा चिकटायचा. समोरच्यांना तो आवरायचा नाही, मग ते त्याच्या घोट्यावर स्टिका मारायचे. अशा वेळी बाहेर बसलेले आमचे कोच सर माझ्याकडं बघून हळूच म्हणायचे, "स्वल्प नोड्को." म्हणजे जरा बघून घे. मारा असं ते जन्मात कधी बोलले नाहीत. फार सभ्य माणूस.

मग मी बघून घ्यायचो. पण त्यालाही रीत होती हो. आधी तोंडानं सांगायचं, "तम्मा, त्या बारक्याला सोड." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे प्रेमानंच. नाही ऐकलं तर खांद्यानं सांगायचं, तेही समोरून, आणि त्याच्याकडं चेंडू असताना. पाठीमागून कधी नाही. आणि स्वतःच्या रागापायी तर बिलकूल नाही. मला राग लवकर येतो. आई म्हणायची, हा पोटात असताना मी मिरच्या जास्त खाल्ल्या. म्हणूनच तो नियम मी स्वतःला सगळ्यात घट्ट बांधून घेतला होता. पिवळं कार्ड मिळालं की जाऊन खुर्चीत बसायचं. आमच्याकडं काचेचं खोपट नव्हतं, प्लॅस्टिकची लाल खुर्ची होती, आणि तिचा एक पाय माझ्यामुळंच वाकला होता असं सगळे म्हणायचे.

आणि आईचा एक वेगळाच नियम होता. मॅचच्या दिवशी सकाळी ती एक स्टीलचा डबा घासून ओट्यावर ठेवायची. संध्याकाळी मी दारात आलो की पहिला प्रश्न, "आज कुणाचं घर?" जिंकलास का हरलास हे त्या बाईनं उभ्या जन्मात विचारलं नाही. ज्याला मी पाडलं असेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी डबाभर कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, घेऊन जायचं, स्वतः जायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि विचारपूस करून यायचं. पहिल्यांदा मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईपुढं कुणाचं काय चाललंय. हळूहळू सगळ्या लीगला ही गोष्ट कळली. एका बँकेचा सेंटर हाफ तर सणाच्या आठवड्यात मला नुसता घासला तरी धाडकन पडायचा आणि पडल्या पडल्या विचारायचा, "अण्णा, उद्या किती वाजता येताय?" अशी निम्म्या बेंगळूरची घरं मी आतून बघितली. कुणाच्या वडलांबरोबर कॅरम खेळलो, कुणाच्या बहिणीचं लग्न जुळवून दिलं. कारकीर्द म्हणाल तर ही माझी कारकीर्द.

आता त्या होसकोटेवाल्याचं सांगतो.

माझी ती शेवटची दोन वर्षं होती. चाळिशी ओलांडली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते. तेव्हा दुसऱ्या एका सरकारी ऑफिसच्या संघात बावीस-तेवीस वर्षांचा एक नवा फॉरवर्ड आला. बेंगळूरशेजारच्या होसकोटे गावचा, म्हणून सगळे त्याला होसकोटेवालाच म्हणायचे. खेळ बघून डोळे निवावेत असा. आमची त्यांच्याशी मॅच होती, त्या दिवशी त्यानं मला एकदा चकवलं. ठीक आहे, चकवतात लोक. दहा मिनिटांनी पुन्हा आला आणि चेंडू माझ्या दोन पायांमधून काढून गेला. गॅलरीत शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, घरी जा." आणि तो होसकोटेवाला जाता जाता मागं वळून हसला.

काय सांगू, डोक्यात तिडीक गेली. चेंडू त्यानं केव्हाच पास केला होता. तो चेंडूकडं बघत होता, माझ्याकडं नव्हता. आणि मी बाजूनं जाऊन सगळ्या अंगानिशी त्याच्यावर आदळलो. वाळलेला पापड मोडावा तसा आवाज आला. डाव्या खांद्याचं हाड, गळ्याजवळचं. पंचानं लाल कार्ड काढलं, पण मी ते बघायला थांबलोच नाही, आधीच बाहेर निघालो होतो. आजवर ज्यांना पाडलं ते दुसऱ्यासाठी पाडलं होतं. हा धक्का माझा एकट्याचा होता, आणि ते मैदानात इतर कुणाला नाही तरी मला पक्कं ठाऊक होतं.

घरी आलो. "आज कुणाचं घर?"

"होसकोटे," मी म्हटलं. मग म्हटलं, "आई, आज माझं चुकलं. अगदी चुकलं."

आईनं डबा ओट्यावरून उचलला. मग म्हणाली, "मग डब्यानं भागायचं नाही. तरी डबा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून होसकोटेला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या मागं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दार त्याच्या बहिणीनं उघडलं. त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, कारखान्यात पॅकिंगला जाणारी, कामाला निघायच्या तयारीत. आई-वडील नव्हते, हिनंच त्याला वाढवलं होतं. वयानं ती माझ्याहून लहान, पण मी तिला अक्का म्हणालो. अशा वेळी वय कोण बघतंय. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्येच झालं, मी इथं मराठीत सांगतोय.

मी कोण ते सांगितल्यावर ती दारातून बाजूला झाली नाही. म्हणाली, "तुमच्या डब्याची गोष्ट ऐकलीय मी. लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत."

"नाही वाटणार," मी म्हटलं.

"याची नोकरी अजून कच्ची आहे, ठाऊक आहे? चार महिने उरलेत. शेवटच्या मॅचला ऑफिसची कमिटी येणार, बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. मोडका फॉरवर्ड कुणाला हवाय? हॉकीसाठी यानं डिप्लोमा सोडला. ही गेली तर याच्या हातात काही नाही."

मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून काय झालं, हाड तर मोडलंच होतं. आतून त्याचा आवाज आला, "अक्का, आत येऊ दे त्यांना. कोडबळी तरी खाऊ दे मला." गळपट्टीत हात बांधून तो खाटेवर बसला होता आणि चक्क हसत होता. त्याचं ते हसू बघून मला कालच्यासारखा राग आला नाही, रडू आलं. मी तसं सांगितलंही. म्हटलं, "तू मला चकवलंस म्हणून मी मारलं. खेळात झालं असं लोक म्हणतील, पण खेळात नाही झालं." तो म्हणाला, "सरी अण्णा. कळलं."

अक्कानं डबा धुऊन परत दिला. रिकामा. आमच्याकडं काय, त्यांच्याकडं काय, डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही. मला जे समजायचं ते समजलं.

पुढच्या रविवारी मी परत गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. कुणी सांगितलं म्हणून नाही. माझं स्वतःचं तेच हाड दोनदा मोडलेलं आहे, त्यामुळं ते कसं जुळतं, कधी दुखतं, कुठल्या आठवड्यात माणूस घाई करतो, ते मला कुठल्याही डॉक्टरइतकं ठाऊक. डॉक्टरांनी गळपट्टी काढल्यावर मी सायकलची जुनी ट्यूब नेली, खिडकीच्या गजाला बांधली आणि व्यायाम सुरू केले. पहिल्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. तो दात-ओठ खाऊन ओढायचा, घामानं निथळायचा आणि मी मोजायचो. दहापर्यंत मोजताना मी मुद्दाम सातनंतर परत पाच म्हणायचो. त्याला तिसऱ्या रविवारी कळलं. म्हणाला, "स्टोअरमध्ये पण असंच मोजता का?"

फार चांगले गेले ते रविवार. सकाळी स्कूटर काढायची, वाटेत पहिली कॉफी प्यायची, थंड वारा तोंडावर घ्यायचा. तिकडं पोचलो की अक्का चुलीवर काहीतरी ठेवायची आणि माझ्याशी न बोलता माझ्यापुढं ताट आदळायची. आधी इडली असायची. महिन्याभरानं रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, यायला लागला, सोबत भाजीचा रस्सा. मुद्दा गिळायचा असतो, चावायचा नसतो, हे मला लहानपणापासून माहीत, पण मी मुद्दाम चावायचो आणि ती न राहवून म्हणायची, "अहो, गिळा." एवढंच आमचं संभाषण. मग एका रविवारी डबा परत आला त्यात शेंगदाण्याची चटणी होती. आईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "चला, जमायला लागलं."

दुपारी तो मला अंगणात त्याची ती युक्ती दाखवायचा. डाव्या खांद्यानं खोटं दाखवायचं आणि चेंडू पायांमधून काढायचा. वीस वेळा दाखवली, वीसही वेळा मी फसलो. आजही सांगतो, तो चेंडू मला दिसतच नाही.

तिसरा महिना संपता संपता डॉक्टरनं हिरवा कंदील दाखवला आणि तो सरावाला जाऊ लागला. पळायचा तसाच, वेगही तोच. मी निर्धास्त झालो. शेवटची मॅच नेमकी आमच्याच संघाशी होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या सरांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू या मॅचला बस. उगाच लोक बोलतील." मलाही तेच हवं होतं. गॅलरीत अक्काशेजारी बसून शेंगा खायच्या असा माझा बेत होता.

मॅचच्या आधीच्या रविवारी ट्यूब ओढता ओढता तो थांबला. अक्का बाहेर नळावर होती. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, एक काम आहे. तुम्ही मॅच खेळा. आणि मला पाडा."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"चेष्टा नाही," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात दोन सराव सामने झाले. मला कुणी हात लावला नाही. सगळ्यांना माझी कहाणी माहीत आहे, सगळे बाजूला होतात. बिचारा म्हणतात. मी सहा गोल मारले आणि आमचे मॅनेजर म्हणाले, गोल ठीक आहेत, पण धक्का बसल्यावर हा खांदा टिकेल का, ते कुणी सांगावं. कमिटीत तेच बोलणं चाललंय. ते माझे गोल बघायला येणार नाहीत, माझा खांदा बघायला येणार आहेत. आणि तुम्ही लोक जर मला फुलासारखं सांभाळलंत तर त्यांना दिसणार काय?"

"दुसरं कुणी पाडेल की."

"कुणी पाडणार नाही. आणि दुसऱ्यानं पाडलं तर म्हणतील हळू पाडलं. तुम्ही पाडलंत तर कुणी तसं म्हणणार नाही."

मी उठून उभा राहिलो. "मला जमायचं नाही," मी म्हटलं. "ते हाड परत गेलं तर? तुझ्या अक्काला मी काय तोंड दाखवू? एवढे रविवार तुझी ट्यूब धरून बसलो ते यासाठी?" आवाज चढला असणार, कारण नळ बंद झाला. तो ट्यूब हातात धरून उभा होता आणि त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा पोरगा किती घाबरलाय. खांद्यासाठी नव्हे, नोकरीसाठी. अक्काची सकाळची पाळी, दोन खोल्या, सोडलेला डिप्लोमा, सगळं त्या एका दुपारवर येऊन थांबलं होतं.

स्कूटरवरून घरी येईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होतो. घरी आल्यावर स्वतःला घातल्या. दोन रात्री धड झोप नाही. उलटसुलट करून बघितलं, पण त्याचं म्हणणं खोडता येईना. बावीस वर्षांत मला एकच काम नीट येत होतं, आणि ज्याचं मी वाटोळं केलं तो माझ्याकडं तेच काम मागत होता. बुधवारी सरांकडं गेलो. म्हटलं, "मला खेळवा."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "राग आहे अजून?"

"नाही सर. या वेळी राग नाही, म्हणूनच खेळवा."

त्यांनी काय ओळखलं कोण जाणे. म्हणाले, "सेकंड हाफ. फक्त सेकंड हाफ."

मॅचच्या दिवशी कमिटीचे तीन साहेब सावलीत खुर्च्या टाकून बसले होते, मांडीवर फाइल. अक्का कारखान्याच्या निळ्या कोटातच आली होती, अर्धी पाळी टाकून. मला मैदानाच्या कपड्यांत बघून तिचा चेहरा उतरला. या बेताचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि माझी तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाही.

पहिल्या हाफमध्ये त्यानं दोन गोल मारले. तो म्हणाला होता तसंच झालं. आमची पोरं त्याला वाट देत होती, लग्नात नवऱ्यामुलाला देतात तशी. एक साहेब दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि त्या दुसऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

सेकंड हाफला मी उतरलो. दोनदा तो माझ्या बाजूनं आला आणि दोन्ही वेळा माझे पाय थिजले, मी त्याला जाऊ दिलं. दुसऱ्या वेळी जाता जाता तो दबक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, दहाच मिनिटं उरलीत."

तिसऱ्यांदा तो मधूनच आला, पूर्ण वेगात, चेंडू स्टिकला चिकटलेला. फुलबॅकचा, म्हणजे माझ्यासारख्या मागं राहून अडवणाऱ्याचा, एक जुना डाव असतो. गुडघा टेकायचा आणि स्टिक जमिनीवर आडवी अंथरायची. चेंडू तिथं अडतो, पण मागून धावत येणारा माणूस अडत नाही. नियमात बसणारा डाव आहे, फक्त वेळ चुकता कामा नये. मी वेळ चुकवली नाही. आधी चेंडू अडला, मग तो माझ्या खांद्यावर आदळला, वरून उडाला आणि पलीकडं टर्फवर पडला. डाव्या खांद्यावरच.

गॅलरीतून अक्काची किंकाळी ऐकू आली. मी मान वळवून बघितलं. तो कुशीवर पडला होता, हलत नव्हता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही, त्यातलं निम्मं अजून फेडायचं आहे. मग त्यानं डावा तळवा टर्फवर टेकला. त्याच्यावर जोर दिला. उठून बसला, उभा राहिला, आणि तरातरा पंचाकडं चालत जाऊन डावा हात थेट आभाळाकडं सरळ वर करून भांडायला लागला, हा फाउल आहे, कार्ड दाखवा म्हणून. अगदी खरोखर भांडत होता. पंच म्हणाला, "फाउल नाही, आधी चेंडू होता." तरी याचा हात वरच.

सावलीतले तिन्ही साहेब उभे राहिले होते, आणि मघाशी नकार देणारा आता होकारार्थी मान हलवत होता.

मला उभं राहता येईना. मी तिथंच फतकल मारून बसलो. पंचानं विचारलं, लागलं का. मी नुसती नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात तो भांडण सोडून माझ्याकडं आला आणि हात पुढं केला, डावाच. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं भुवई उडवली, चला, म्हणून. मी तो हात धरला आणि उठताना जरासुद्धा आपला जोर लावला नाही. माझं वजन तेव्हा शहाण्णव किलो होतं. ते सगळं मी त्या खांद्यावर टाकलं. खांदा हलला नाही. त्यानं मला एका दमात उभं केलं.

मॅच संपल्यावर अक्का जाळीपाशी आली. डोळे लाल, ओठ घट्ट. मी कानफटात खायच्या तयारीनंच गेलो.

"त्यानं सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"हो, अक्का."

"आणि तुमच्यानं करवलं?"

"नाही करवलं," मी म्हटलं. "आधी दोनदा पायांनी दगा दिला, बघितलंत ना."

मग जाळीतून बोटं घालून तिनं माझ्या बाह्यांवरचा टर्फचा चुरा झटकला, आधी डावीवरचा आणि मग उजवीवरचा, घरातल्या माणसाचा झटकतात तसा. "जेवायला या रविवारी," ती म्हणाली. "आता मोजायला यायचं कारण नाही, तरी या."